हार्ड डिस्क एक नको, दोन घ्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाची एक्स्टर्नल हार्ड डिस्क टेबलावरून खाली पडली. टेबल जेमतेम अडीच फूट उंच. कार्यक्रमाचे फोटो कॉपी होत होते, कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. उचलून पुन्हा जोडली तर आतून फक्त टक-टक आवाज. तिच्यात नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या ज्येष्ठांच्या अकरा मुलाखती होत्या. त्यातले दोघे आज हयात नाहीत. डेटा काढून देणाऱ्याने डिस्कच्या किमतीच्या सहापट रक्कम सांगितली, वर "निघेलच याची हमी नाही" असेही बजावले. वर्गणी काढून प्रयत्न केला. चार मुलाखती परत मिळाल्या. त्या दोघांच्या मात्र मिळाल्या नाहीत.

तेव्हापासून वस्तीतली मुलं "दादा, कुठल्या कंपनीची घेऊ?" असं विचारतात, तेव्हा आम्ही आधी विचारतो, दुसरी प्रत कुठे ठेवणार?

कंपनीवर किती भरवसा ठेवावा?

फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्क जगात आज तीनच कंपन्या बनवतात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डब्यावर दुसरे नाव असले तरी आतली डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी असते. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी किती बिघडल्या याचे आकडे २०१३ पासून जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास आहे. त्या डिस्क थंड खोलीत, जागेवरून न हलता चालतात. आपली डिस्क पिशवीतून, एसटीतून, मोटारसायकलवरून फिरते. म्हणून कोणत्याही एका डिस्कवर विसंबणे धोक्याचेच.

आमचा सल्ला असा: एक महागडी, मोठी डिस्क घेण्याऐवजी त्याच पैशात दोन साध्या डिस्क घ्या. शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच मालातला दोष दोन्हीकडे येणार नाही.

एचडीडी की एसएसडी?

एचडीडीमध्ये चकती फिरते आणि तिच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगते. चालू असताना धक्का बसला की सुई चकतीवर आदळते. आमचे हेच झाले. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो, त्यामुळे ती धक्का सोसते आणि वेगही जास्त असतो. पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त लागतात, आणि वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातला डेटा हळूहळू उडू शकतो. घरी एका जागी ठेवायची असेल तर एचडीडी पुरते. रोज पिशवीत घेऊन फिरायची असेल तर एसएसडी घ्या.

किती जागा लागेल?

मोबाइलचा एक फोटो चार एमबीचा धरला तर एक टीबीमध्ये अडीच लाख फोटो मावतात. फुल एचडी व्हिडिओ मात्र तासाला सात-आठ जीबी सहज खातो. बहुतेक घरांना एक टीबी पुष्कळ झाली. कार्यक्रमांचे चित्रीकरण करत असाल तर दोन टीबी घ्या. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नव्हे. दोघांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

घेताना आणि घेतल्यावर

ऑनलाइन '१६ टीबी, फक्त दीड हजारात' अशा जाहिराती दिसतात. आत साधे मेमरी कार्ड असते आणि संगणकाला खोटा आकडा दाखवला जातो. नवे आल्यावर जुने पुसले जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून सीलबंद डिस्क घ्या, पक्के बिल घ्या. डिस्क रिकामी असतानाच 'एचटूटेस्टडब्ल्यू' हा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवा. तो पूर्ण जागा भरून पुन्हा वाचून पाहतो. 'क्रिस्टलडिस्कइन्फो'ने डिस्कची तब्येत कळते. त्यात 'कॉशन' दिसले तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवा.

यूएसबी ३.० पोर्टवर १०० जीबी साधारण पंधरा मिनिटांत जातात, जुन्या २.० वर पाऊण तास लागतो. घरचा संगणक जुना असेल तर डिस्क कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टला कधी कधी वीज कमी पडते आणि डिस्क मध्येच तुटते. काढताना 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. वीज वारंवार जात असेल तर युपीएस हवाच.

वॉरंटीचा अर्थही समजून घ्या. कंपनी डिस्क बदलून देते, डेटा नाही. शिवाय बिघडलेली डिस्क परक्या हातात जाते. आपल्यातले अनेक जण अत्याचारग्रस्त कुटुंबांचे जबाब, अर्ज, फोन नंबर सांभाळतात. अशा डिस्कला पासवर्डचे कुलूप हवे. विंडोज प्रोमध्ये 'बिटलॉकर' असते. इतरांसाठी 'व्हेराक्रिप्ट' मोफत आहे. पासवर्ड मात्र वहीत लिहून जपा, विसरलात तर तुम्हालाही डेटा उघडणार नाही.

दोन प्रती कशा सांभाळायच्या?

पहिली डिस्क घरी, दुसरी बहिणीकडे किंवा मित्राकडे. चोरी, आग, पूर यात एकाच घरातल्या दोन्ही प्रती जातात. काम झाले की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेल्या डिस्कवर व्हायरसही पोचतो. महिन्यातला एक रविवार ठरवा, त्या दिवशी दोन्ही डिस्कवर नवे ते उतरवा आणि जुन्या दोन-चार फाइल उघडून पाहा. पाच वर्षे झाली की डिस्क चालत असली तरी नवी घ्या. मोजकी महत्त्वाची कागदपत्रे गुगलच्या मोफत १५ जीबीतही मावतात.

त्या मोजक्यांत पहिले कोणते? अनुसूचित जातीच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. अनेक घरांत तो म्हणजे आजोबांच्या शाळेचा एक पिवळा पडलेला कागद असतो. स्कॅन मूळ कागदाची जागा घेत नाही, पण कागद हरवला तर शाळेचे नाव आणि रजिस्टर नंबर हाताशी राहतो, नवा उतारा काढता येतो. डिस्क यायची वाट पाहू नका. तो कागद आजच स्कॅन करा. आणि घरात कुणी म्हातारे माणूस जुन्या आठवणी सांगत असेल तर तेही आजच रेकॉर्ड करा, आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याची दुसरी प्रत करा.