मावशीचा युक्तिवाद

तमाशात गण, म्हणजे आरंभीचं गणपतीचं स्तवन, झाला की गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांच्या पुढे मावशी. वाट अडवायला कृष्ण आणि त्याचा लंगडा, बोबडा पेंद्या. मावशीचं काम पुरुष करतो: डोक्यावर पदर, कंबरेत मुद्दाम आणलेला ठसका, आणि आवाज मात्र बाप्याचाच. इथे जी बोलाचाली चालते ती बतावणी. तिला हलकीफुलकी करमणूक समजून पुढे जायची सवय आहे. पण ती चालते कशी हे थोडं थांबून पाहावं. नमुना म्हणून माझ्याच शब्दांत अशी एक बतावणी रचतो.

कृष्ण म्हणतो, ‘‘दान दिल्याबिगर पुढं जायचं न्हाई.’’
‘‘तू कोण रं मागणारा?’’
‘‘तिन्ही लोकांचा धनी.’’
‘‘मंग ह्यो रस्ता तुझाच?’’
‘‘माझाच.’’
‘‘ह्या गाई?’’
‘‘माझ्याच.’’
‘‘आन् ह्या मडक्यातलं दही?’’
‘‘त्ये बी माझंच.’’
‘‘मंग मेल्या, सोताचंच दही मागून खाताना लाज न्हाई वाटत?’’

मावशीने देवाला एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही. ती फक्त विचारत जाते आणि तो आपल्या तोंडाने कबुली देत जातो. रस्ता, गाई, दही: प्रत्येक कबुलीला त्याचा मोठेपणा वाढतो आणि त्याच मोठेपणात तो अडकतो. तीन प्रश्न हा हिशेबही नीट बसवलेला आहे. पहिल्याने ओघ लागतो, दुसऱ्याने तो पक्का होतो, तिसऱ्याला कृष्ण न थांबता ‘माझंच’ म्हणून बसतो. दोनच प्रश्न असते तर सापळा उघडा पडला असता, पाच झाले तर पब्लिक पुढचं ओळखून मोकळं होतं. शेवटच्या वाक्याआधी मावशी क्षणभर पब्लिककडे पाहते. तेवढ्या वेळात लोक तिच्या बाजूला येतात.

आता हा विनोद बाजूला ठेवून नुसता प्रश्न पाहा. ज्याला कशाचीच उणीव नाही, तो मागतो कशाला? बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत जवळजवळ हाच आक्षेप आहे: ज्याला काही मिळवायचं उरलेलं नाही, त्या ब्रह्माने जग निर्माण करायचं कारण काय? त्यावर तिथे दिलेलं उत्तर म्हणजे लीला, निव्वळ खेळ. शास्त्राने हे उत्तर सांगितलं, गौळणीत ते करून दाखवतात. कारण कृष्ण हरतो, चिडतो, पुन्हा वाट अडवतो, आणि बघणाऱ्याला तो देव आहे हेही ठाऊक असतं आणि दह्यासाठी हटून बसलेलं पोर आहे हेही. दोन्ही एकदम खरं वाटलं तरच हसू येतं. नुसता देव असता तर हात जोडले असते, नुसतं पोर असतं तर दोन धपाटे घातले असते.

यात आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ही कला पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी सांभाळली. ज्यांना देवळाची पायरी बंद होती, त्यांनी बोर्डावर देवालाच उभं करून जाब विचारला. मला तरी यात नुसती थट्टा दिसत नाही.

पुढे वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, लागतो, मावशी जाते आणि तिचं काम सोंगाड्याकडे, म्हणजे विनोदी नटाकडे, येतं. त्याची रीत उलटी. मावशी प्रश्न विचारते, हा दुसऱ्याचा प्रश्न खरा मानतो. राजा थाटात विचारतो, ‘‘प्रजा सुखी आहे ना?’’ प्रधान मान डोलावतो. शिपाई झालेला सोंगाड्या म्हणतो, ‘‘इचारून येऊ का?’’ राजाचा प्रश्न विचारण्यासाठी नव्हताच, तो दरबारी रिवाज होता. हे न कळणारा एकच माणूस दरबारात असला तरी रिवाजातला पोकळपणा उघडा पडतो. म्हणून सोंगाड्या वेडा असून चालत नाही, त्याला भोळेपणा अचूक वेळेवर आणावा लागतो. त्याचं बरंचसं बोलणं लिहिलेलं नसतं. गावचा पुढारी, बाजारभाव, समोर बसलेला पाटील, जे हाताशी येईल ते तो घेतो. कवलापूरच्या काळू-बाळू या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात रंगवलेले हवालदार इतके लोकांच्या मनात बसले की ते भाऊ त्याच नावांनी ओळखले जाऊ लागले.

अण्णाभाऊ साठ्यांनी लोकनाट्यात गणातून गणपती काढला आणि गौळणही वगळली. कामगारांचे प्रश्न मांडायचे तर वगच धारदार हवा, हे बरोबरच होतं. फक्त त्यामुळे भांडण सरकारशी आणि सावकाराशी उरलं. देवाशी भांडणारी मावशी गावोगावच्या ढोलकीफडाच्या तमाशातच राहिली.