रक्तातला दरवाजा

"सर, हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात," एवढे सांगून माझा एक विद्यार्थी दर महिन्या-दोन महिन्यांनी वर्गातून नाहीसा होई. मास्तरकी करणाऱ्याला सबबी पाठ असतात. मी हीही त्यांतच जमा केली. पुढे त्याच्याच आग्रहाने सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातील मोलगीला त्याच्या घरी गेलो. तेथे शाळेच्या ओसरीवर रक्ततपासणी चालली होती. बोटातून काढलेला थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा. नळीमागच्या कागदावरील रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर पुढची तपासणी. त्याच्या धाकट्या बहिणीच्या नळीमागे रेघा दिसेनात! मला त्या क्षणी माझीच लाज वाटली.

हा सिकलसेल. भिल्ल-पावरा कुटुंबांतून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडे ठणकतात. पेशीतले पाणी घटले, की हे चिकटणे अधिकच वाढते.

पण पाणी जाते कोठून? परत आल्यावर मी आमच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. ते म्हणाले, पेशीच्या आवरणात आरपार रोवलेली प्रथिने असतात. दरवाजेच म्हणा ना! पेशीत कॅल्शियम वाढले, की पोटॅशियम बाहेर पडते, हे हंगेरीच्या गार्डोश यांनी १९५८ साली दाखविले. त्या वाटेचा दरवाजा आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पोटॅशियमपाठोपाठ पाणीही जाते.

दरवाजाचे काम कळायचे, तर तो बंद करून पाहावा. आम्ही मराठीवाले वाक्यातला एखादा 'च' काढून अर्थाचे काय होते ते बघतो, तसेच हे. १९९३ साली शास्त्रज्ञांनी दाखविले, की क्लोट्रिमॅझोलने हा दरवाजा बंद होतो. होय, नायट्याच्या मलमातले तेच! पुढे खास त्यासाठी सेनिकापॉक नावाचे औषध घडविण्यात आले. रोग्यांवरील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला: पेशी कमी फुटल्या, हिमोग्लोबिन वाढले, मात्र वेदनेचे झटके कमी झाले नाहीत. दरवाजाचा वाटा कळला, आणि ठणक्याचे मूळ त्या एकट्यात नाही, हेही कळले. विळ्यासारख्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीलाही चिकटतात.

माझा विद्यार्थी आता डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सियुरिया घेतो आणि पाण्याची बाटली बाकावरच ठेवतो. बहीण केवळ वाहक निघाली. तरी कधी तो येत नाही. त्या दिवशी तास संपला, की मी टिपणे पाकिटात घालून त्याच्या खोलीवर पाठवितो.