फ्लेक्सवरचे कोटी

श्रीवर्धन तालुक्यातल्या कुठल्याही नाक्यावरचा फ्लेक्स घ्या. एका नेत्याचा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग आणि मधोमध आकडा: अमुक रस्त्यासाठी, तमुक नळयोजनेसाठी इतके इतके कोटी मंजूर. फ्लेक्स उन्हात विटतो, पहिल्या पावसात फाटतो, रस्त्यावरचे खड्डे मात्र जागा सोडत नाहीत. मग चहाच्या टपरीपासून ग्रामसभेपर्यंत एकच सवाल ऐकू येतो. ‘पैसे तर आले होते. खाल्ले कोणी?’

सवाल रास्त वाटतो. त्यातले पहिलेच वाक्य चुकीचे आहे. पैसे आलेले नसतात. सरकारी कामांत खाबूगिरी होत नाही, असा भाबडा दावा इथे कोणी करत नाही. पण तिजोरीतून जो रुपया निघालाच नाही, तो खाणार कोण? साखरपुडा झाला म्हणून कोणी नातवाच्या बारशाचे पेढे वाटत नाही. ‘मंजूर’ हा शब्द दिसला की मात्र पैसे पोचले असे धरून चालायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. नेत्यांना ती सोयीची आहे आणि विरोधकांनाही. एकाला श्रेय घेता येते, दुसऱ्याला आरोप करता येतो.

सरकारी कामाची वाट अशी असते. आधी कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करतो. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे एवढ्या खर्चाचे हे काम करायला सरकारची हरकत नाही, इतकेच. फ्लेक्स बहुतेक वेळा याच टप्प्यावर छापला जातो, कधी त्याच्याही आधी. त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. ठेकेदार काम सुरू करतो, झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते, त्यावरून बिल तयार होते आणि वित्त विभागाने निधी वितरित केला असेल तर ते निघते. नसेल तर बिल टेबलावर पडून राहते. शासन निर्णयात ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ असे दोन शब्द असतात. फ्लेक्सवर त्यांना जागा मिळत नाही.

अर्थसंकल्पात काम ‘आले’, याचाही अर्थ नीट पाहावा लागतो. कोट्यवधींच्या कामापुढे पहिल्या वर्षी काही लाखांची तरतूद असू शकते. तिला टोकन तरतूद म्हणतात. काम यादीत शिरते, एवढाच तिचा उपयोग. राज्यभर अशी कामे साचली की काय होते, ते २०२५ साली दिसले. ठेकेदारांच्या संघटनांनी राज्य सरकारकडे ८९ हजार कोटी रुपये थकल्याचे सांगत आंदोलने केली. आकडा संघटनांचा आहे, तेव्हा थोडा हात राखून घ्यावा. पण बिले थकली आहेत, हे कुठल्याही तालुक्यातला ठेकेदार सांगेल. म्हणजे काम मंजूर, काही ठिकाणी पूर्णही, आणि पैसा तरीही नाही.

श्रीवर्धनकरांना हे सगळे पुस्तकातून शिकायची गरज नाही. निसर्ग चक्रीवादळाने ते शिकवले आहे, आणि गंमत म्हणजे सर्वांत पक्का गैरसमज त्याच वादळातून जन्मला: ‘तालुक्याला शंभर कोटी आले होते.’

३ जून २०२० रोजी भर दुपारी हे वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. हवामान खात्याची नोंद अलिबागच्या दक्षिणेला अशी आहे. दिवेआगर-श्रीवर्धनच्या लोकांना त्यासाठी नोंदीची गरज नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढच्या वाऱ्याने कौले, पत्रे, विजेचे खांब आणि पिढ्यांच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. दोनच दिवसांनी, ५ जूनला, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी शंभर कोटींची तातडीची मदत जाहीर केली. ती रायगड जिल्ह्याला होती. जिल्ह्यात १५ तालुके आहेत. शिवाय ही रक्कम रस्ते-पुलांची नव्हती; पंचनाम्यांवरून घरोघरी, बागायतदारांच्या बँक खात्यांत जाणारी होती. ‘शंभर कोटींत तालुक्याचा कायापालट व्हायला हवा होता’ हे वाक्य आजही ऐकू येते, तेव्हा बोलणाऱ्याच्या स्वतःच्या पासबुकात त्यातले काही हजार जमा झालेले असतात.

ते हजारच का होते, याचे उत्तर नियमांत आहे. आपत्ती निधीच्या निकषांत फळबागेला हेक्टरी १८ हजार मिळत. राज्याने निसर्गसाठी ते ५० हजार केले, कमाल दोन हेक्टरांपर्यंत. पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाखावर नेली. ऐकायला भरघोस. पण श्रीवर्धनच्या वाड्या हेक्टरांत मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांची वाडी म्हणजे एका हेक्टरचा जेमतेम दहावा हिस्सा. मदत पाच हजारांच्या आसपास. ओरड झाली, ती रास्तच होती. पुढे झाडामागे मदत द्यायचे ठरले: सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. शास्त्रोक्त २.७ मीटर अंतर धरले तर दहा गुंठ्यांत १३८ सुपारी बसते. हिशेब सात हजारांच्याही आतच. नवी सुपारी फळायला सहा-सात वर्षे जातात, तोवर या पैशात वाडी साफ करणाऱ्या गड्यांची मजुरीही सुटत नाही. इथे कोणी पैसे खाल्ले नाहीत. सूत्रच तोकडे होते. चोर शोधत बसलेल्या तालुक्याने हे सूत्र कोणी आणि कशासाठी केले, असा प्रश्न मात्र फारसा विचारला नाही.

आणि केंद्राचे पैसे? गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने १३ नोव्हेंबर २०२० रोजी सहा राज्यांना मिळून ४,३८१.८८ कोटी मंजूर केले. त्यात निसर्गसाठी महाराष्ट्राच्या वाट्याला २६८.५९ कोटी आले. वादळाला तोवर पाच महिने उलटून गेले होते. हाही आकडा सगळा रोख नसतो: राज्याच्या आपत्ती निधीत जी शिल्लक असेल, तिच्या निम्मी रक्कम नियमाप्रमाणे त्यातून वळती होते.

मंजुरी आणि पूर्तता यांतले अंतर बघायला सावित्री नदीच पुरे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी बससह. नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. खर्च सुमारे ३५ कोटी. हीच सावित्री पुढे श्रीवर्धन तालुक्याच्या टोकाला समुद्राला मिळते. तिथल्या बागमांडला-बाणकोट पुलाचे काम मात्र अर्ध्यावर थांबले, खांब वर्षानुवर्षे खाडीत उभे राहिले आणि गाड्या फेरीबोटीतूनच पलीकडे जात राहिल्या. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या स्वप्नातला हा पूल. ते स्वप्न पाहणारे श्रीवर्धनचे बॅ. अंतुले मुख्यमंत्री झाले होते, १९८० साली. महाडचा पूल राष्ट्रीय महामार्गावरचा होता, पैसा एकाच खिशातून येणार होता, जुन्या पुलाच्या शेजारीच बांधायचा होता, आणि तो मुंबई-गोवा वाहतुकीच्या वाटेवर होता. मंजुरीचा कागद दोन्हीकडे होता. फरक त्या कागदामागे सलग पैसा आणि घाई होती की नाही, इतकाच.

सध्याचा सर्वांत मोठा आकडा दिघीचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी १२ औद्योगिक शहरांना मान्यता दिली, त्यात दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र आहे: ६,०५६ एकर, ५,४६९ कोटी. लगेच ‘दिघीला साडेपाच हजार कोटी आले’ सुरू झाले. हा प्रकल्पाचा अंदाजे खर्च आहे, अनेक वर्षांत व्हायचा. आणि त्याची जमीन दिघी गावात नाही, माणगाव-रोह्याच्या बाजूला आहे. दिघी बंदर वेगळे, ते अदानी समूहाने २०२१ मध्ये ७०५ कोटींना विकत घेतले. दोन्ही आकडे एकाच दमात सांगणाऱ्याला निदान नकाशा तरी दाखवावा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटपता येतील.

‘सरकार घरकुल बांधून देते.’ देत नाही. ग्रामीण योजनेत मूळ अनुदान १ लाख २० हजार, तेही बांधकामाचे फोटो चढतील तसे हप्त्याहप्त्याने. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. राज्याने २०२५ मध्ये वर ५० हजारांची वाढ जाहीर केली. नगरपरिषद हद्दीत शहरी योजना लागते, तिथे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. हद्दीच्या अलीकडच्याला अडीच लाख आणि पलीकडच्याला कमी, म्हणून मधला फरक सरपंचाने खाल्ला असे होत नाही. घरकुलाची खरी अडचण इथे बहुधा सामाईक सातबारा ही असते, ज्यावर मुंबईच्या चार चुलत्यांची नावे असतात.

‘सूर्यघर योजनेत पॅनेल बसवले की वादळातही वीज.’ निसर्गनंतर आठवडेच्या आठवडे अंधारात काढलेल्या तालुक्याला हे पटणे साहजिक आहे, पण चूक आहे. ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळणारी ही छतावरची यंत्रणा महावितरणच्या तारांना जोडलेली असते. तारेतली वीज गेली की ती आपोआप बंद पडते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा.

‘केंद्राने राज्याला फुकट पैसे दिले.’ कोविडच्या काळात अर्थव्यवस्थेला रेटा द्यायला केंद्राने राज्यांना भांडवली कामांसाठी १२ हजार कोटी जाहीर केले. २०२४-२५ पर्यंत तरतूद दीड लाख कोटींवर गेली. बिनव्याजी, ५० वर्षांच्या मुदतीचे, पण कर्जच. फेडणारे अजून शाळेत आहेत.

‘आमदारांनी स्वतःच्या फंडातून दिले.’ वर्षाला ५ कोटींचा आमदार निधी जनतेचाच असतो. आमदार काम सुचवतात, पैसे जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत खर्च होतात.

‘पैसे वाटले काय नि पूल बांधला काय, सारखेच.’ दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासात भांडवली कामांवरच्या एका रुपयाने अर्थव्यवस्थेत २.४५ रुपयांची भर पडते, थेट वाटलेल्या रुपयाने ०.९८ ची, असा अंदाज निघाला. यासाठी अट एकच: रुपया खर्च व्हायला हवा. थकलेल्या बिलाने गवंड्याच्या घरची चूल पेटत नाही, की सिमेंटच्या दुकानाची उधारी फिटत नाही.

तेव्हा पुढचा फ्लेक्स लागेल तेव्हा श्रीवर्धनकरांनी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय कोणत्या तारखेचा? कार्यारंभ आदेश निघाला का? आजवर प्रत्यक्ष निधी किती वितरित झाला? शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे कार्यालयातून मिळाली नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याचे शुल्क दहा रुपये आहे.