गाळलेल्या तीन ओळी

वीस-बावीस वर्षांपूर्वी, एम.ए. करीत असताना, खोलीचे भाडे भागावे म्हणून मी एका संस्थेकडे भाषांतराचे काम धरले होते. परदेशातील दाते आपल्याकडील एकेका मुलाचे दत्तक-पालक होत, दरमहा ठरावीक रक्कम पाठवीत आणि मूल त्यांना पत्र लिहीत असे. ती पत्रे मी इंग्रजीत उतरवीत असे. बहुतेक एकाच साच्याची! अभ्यास चांगला चालला आहे, पाऊस बरा झाला, आपला फोटो पाहून आनंद वाटला.

एका चौथीतल्या पोराने मात्र शेवटी लिहिले होते, 'मला दप्तर मिळाले. दादाला नाही. तो माझ्याशी बोलत नाही.' दात्याकडे काही मागणे किंवा गाऱ्हाणे जाऊ द्यायचे नाही, असा तिथला दंडक होता. मी त्या तीन ओळी गाळल्या.

वाचकहो, ही प्रथा वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. १९३७ साली स्पेनच्या यादवीत पोरक्या झालेल्या मुलांसाठी जॉन लँग्डन-डेव्हिस या इंग्रज पत्रकाराने ती उचलून धरली. आपला पैसा कोणा एका मुलाच्या मुखी लागतो आहे, हे कळले की माणसाचा हात सैल सुटतो. तिचा गुणही दिसून आला आहे. वायडिक, ग्लेवी आणि रटलेज या अभ्यासकांनी २०१३ साली सहा देशांतील, त्यात आपलाही देश आला, दहा हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. मदत मिळालेली मुले सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकली होती. ही तुलना कोणाशी, तर बऱ्याच अंशी त्यांच्याच भावंडांशी! वयाची अट ओलांडल्यामुळे थोरले मागे राहिले होते. म्हणजे ज्या आकड्याने प्रथेचे यश मोजले, त्याच आकड्यात कुठेतरी तो 'दादा'ही उभा होता.

उपकाराचा भार आपल्याला नवा नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. अन्न मिळे, पण ताटावर बसताना मान खाली असे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले ते निराळ्या रीतीने. जातीजातींची मुले एका पंगतीत बसली, आणि स्वतः राबून शिकू लागली. तिथे दाता अमक्याचा आणि मूल तमक्याचे, असा हिशेब नव्हता. अलीकडे कित्येक संस्थाही पैसा एका मुलाच्या हाती न देता गावची शाळा, पाणी, दवाखाना यांकडे वळवतात. मुलाचे पत्र तेवढे दात्याकडे जाते. हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

कोणी सल्ला विचारलाच तर मी म्हणतो, पैसे अवश्य द्या. पण घरी भावंडे किती आणि त्यांचे काय, हे आधी विचारा. त्या परक्या दात्यानेही कदाचित विचारले असते. त्याला विचारायला सुचेल अशा तीन ओळी मीच खोडल्या होत्या.