तुरीची मर आणि मातींतील बुरशी

शहरांतील घरांत बुरशी ओळखीची असते ती लोणच्यावर अगर शिळ्या भाकरीवर. दिसतांक्षणीं तो पदार्थ टाकून दिला जातो. परंतु ज्या तुरीचें वरण आपण रोज जेवतों, तिच्या जगण्यांत व मरण्यांत, दोहोंतहि, बुरशीचा हात असतो.

यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुका घ्या. तेथें काळ्या जमिनींत कापसाच्या ओळींमधून तूर पेरण्याची वहिवाट आहे. तूर फुलोऱ्यास येते, शेंगा धरूं लागतात, आणि जमिनींत ओल असूनहि एखादें झाड तहानल्यासारखें सुकूं लागतें. बुंध्यापासून वर जांभळट पट्टा चढतो. खोड चिरल्यास आंतील नळ्या काळ्या पडलेल्या दिसतात. हाच मर रोग. त्याला कारण होणाऱ्या फ्युसेरियम बुरशीचें वर्णन बटलर या शास्त्रज्ञानें १९१० सालीं केलें. ती मुळांवाटे शिरून पाण्याच्या नळ्या कोंडते आणि शेतकऱ्याची सबंध हंगामाची मेहनत ऐन वेळीं मातींत जाते. रोगट धसकटांत ती सुमारें तीन वर्षें तग धरते. म्हणून त्याच शेतांत लागोपाठ तूर घेणें म्हणजे शत्रूच्या दाराशीं अन्न नेऊन ठेवणें होय.

मग जमिनींतील सारीच बुरशी मारावी काय? तसें केल्यास मित्रहि मरतील. कांहीं बुरश्या मुळांत वस्ती करून आपले तंतू दूरवर पसरतात, मुळांच्या आवाक्याबाहेरील स्फुरद आणून देतात व मोबदल्यांत पानांनीं केलेली साखर घेतात. मुळें व बुरशी यांच्या अशा सहवासाला जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यानें १८८५ सालीं मायकोरायझा हें नांव दिलें. स्फुरदाचें खत गरजेहून अधिक घातल्यास हा सहवास दुबळा होतो.

दुसरा मित्र म्हणजे ट्रायकोडर्मा. ही बुरशी शत्रूच्या तंतूंना विळखा घालून त्यांवरच जगते, आणि मुळांजवळील जागा व अन्न आधींच ताब्यांत घेते. पेरणीपूर्वीं तिची भुकटी बियाण्यास चोळतात, किंवा शेणखतांत मिसळून शेतांत घालतात. मात्र ती पहारेकरी आहे, वैद्य नव्हे. झाड सुकूं लागल्यावर तिचा उपयोग नाहीं. जोडीला रोगास दाद न देणारें वाण, पिकांची फेरपालट आणि तुरीबरोबर ज्वारीची पेरणी हवी. ज्वारीच्या संगतीनें मर कमी होते, असें प्रयोगांत आढळलें आहे.

मातींतून बुरशी नाहींशी करणें शक्य नाहीं आणि इष्टहि नाहीं. तेथें मित्रांचें बळ शत्रूपेक्षां अधिक राखणें, एवढेंच शेतकऱ्याच्या हातीं असतें. आणि आपल्या ताटांतील वरण त्यावरच अवलंबून आहे.