शेवटच्या षटकातले पित्त

भातकापणी उरकली, धान्य कणगीत गेले, की कोकणातल्या कित्येक मळ्यांचे मैदान होते. मधले दोन-तीन बांध सपाट केले जातात, तांबड्या मातीची खेळपट्टी पाणी मारून चोपण्याने चोपली जाते, चुन्याच्या रेघा ओढल्या जातात आणि एका कडेला झापांचा मांडव उभा राहतो. मांडवात ध्वनिक्षेपक, त्याच्यामागे गावातला एखादा वाक्पटू समालोचक आणि समोर वाडीवाडीचे संघ. 2008 साली आयपीएल सुरू झाली आणि गावोगावच्या या स्पर्धांनाही ‘प्रीमियर लीग’ हे बिरुद लागले. पण ऐवज जुनाच आहे. टेनिसचा चेंडू, सहा षटकांचा डाव आणि शनिवार-रविवारसाठी मुंबईहून आलेले चाकरमानी.

माझे सासर अशाच एका गावातले. धाकटे दीर वाडीच्या संघाचे कर्णधार आहेत आणि वहिनी डॉक्टर असल्याचा त्यांना सामन्याच्या दिवशी विशेष अभिमान वाटतो. बर्फाचा फवारा आणि चिकटपट्ट्या फुकट मिळतात म्हणून. जानेवारीतल्या एका रविवारी मीही मांडवात बसले होते. संघात सतरा वर्षांच्या मुलापासून अठ्ठेचाळीस वर्षांच्या गृहस्थांपर्यंत सगळे. त्यातले पाचजण आदल्या रात्रीच्या कोकणकन्येच्या जनरल डब्यातून आले होते. पहाटे उतरून, घरी चहा घेऊन, डोळे चोळत ते थेट मैदानावर आले. सराव म्हणाल तर नाणेफेक होईपर्यंत दोन-चार झेल. कोपऱ्यात कोणीतरी तळहातावर तंबाखू मळत होते.

आमच्या संघाला अठ्ठावन्न धावा हव्या होत्या. सलामीवीर शेचाळीस वर्षांचे. मुंबईत बैठी नोकरी, रक्तदाबाची एक गोळी चालू, आणि ती त्या दोन दिवसांसाठी पिशवीत टाकायची राहिलेली. हे मला अर्थात नंतर कळले. खेळत मात्र होते सुरेख. पाचव्या षटकात त्यांनी एक चेंडू बांधापलीकडे ढकलला आणि पळून तीन धावा काढल्या. तिसरी धाव पूर्ण करून ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले, मग खेळपट्टीशेजारीच खाली बसले.

“पित्त उसळलंय. रात्रीपासून पोटात काही नाही,” ते म्हणाले. ते खरेही होते. लगेच कोणी सोड्याची बाटली आणली, कोणी पाठ चोळू लागले. शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या होत्या आणि ते सत्तावीसवर खेळत होते. मी मैदानात उतरले तेव्हा त्यांच्या पत्नी मागून म्हणाल्या, “वहिनी, तेवढं एक षटक खेळू द्या हो. नाहीतर वर्षभर आम्हांला ऐकवतील.”

अकरा वाजता मळ्यात घाम सगळ्यांनाच आला होता. पण बाकीच्यांचा घाम उष्ण होता, यांचे कपाळ गार लागले. पाच मिनिटे बसूनही श्वास खाली येत नव्हता, चेहरा उतरला होता आणि बोलता बोलता ते डावा जबडा चोळत होते. छातीत दुखते का, असे विचारल्यावर म्हणाले, “दुखत नाही, भरल्यासारखं वाटतंय.” हृदयविकाराचे रुग्ण बहुधा हाच शब्द वापरतात. दुखणे नसते, दडपण असते, जळजळ असते, भरून आल्यासारखे असते. ते हातात, जबड्यात, पाठीत किंवा बेंबीच्या वर जाणवते, आणि आपल्याकडे या सगळ्याला पित्त हा एकच शब्द आहे.

त्यांना तेथेच पाठीला आधार देऊन बसवले, माझ्या बॅगेतली अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला लावली आणि दिरांना 108 ला फोन करायला सांगितले. (अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार असणाऱ्यांना ही गोळी चालत नाही, फोनवरच्या वैद्यकीय माणसाला विचारूनच द्यावी.) दोघाजणांनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्याची तयारी दाखवली, ती मी मोडून काढली. झटका आलेल्या माणसाला चालवू नये, गाडीवर लोंबकळत नेऊ नये. वाटेत ठोके थांबले तर छाती दाबायला जागा तरी हवी. रुग्णवाहिका बांधावरून धक्के खात आली. रुग्णालयातल्या ईसीजीने शंका फिटवली, रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन वेळेत देता आले, आणि पुढे कोल्हापुरात अँजिओप्लास्टी झाली. शुद्धीवर पूर्ण असलेल्या या गृहस्थांनी खाटेवरून पहिला प्रश्न निकालाचा केला. दिरांनी सामना रद्द झाल्याचे सांगितले. आम्ही दोन धावांनी हरलो होतो.

त्यानंतर वाडीत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, चाळिशीनंतर हे खेळ बंद. दुसऱ्याचे म्हणणे, रविवारी तरी शरीर हलते, तेही काढून घेतले तर उरले काय? मला दुसऱ्या तटाचे म्हणणे अधिक पटते, पण अर्धेच.

आठवड्याचा सगळा व्यायाम एक-दोन दिवसांत करणाऱ्यांविषयी 2023 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या सुमारे 90 हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारी उपकरणे बांधून तो केला होता. आठवड्याला 150 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल पुरी करणाऱ्यांत, ती दोन दिवसांत केलेली असो वा सात, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जवळजवळ सारखाच कमी आढळला. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना 150 ते 300 मिनिटांचीच शिफारस करते. म्हणजे रविवार वाया जात नाही. प्रश्न एवढाच, की सहा षटकांच्या सामन्यात ही मिनिटे भरतात का?

हिशेब करून पाहू. दोन्ही टोकांच्या फलंदाजी-रेषांमधले अंतर 58 फूट, म्हणजे सुमारे 17.7 मीटर. स्वतःच्या आणि जोडीदाराच्या मिळून वीस धावा पळून काढल्या, तर साडेतीनशे मीटर झाले. उरलेला वेळ उभे राहण्यात, ओरडण्यात आणि पंचांशी वाद घालण्यात जातो. व्यायाम म्हणून हे थोडके; पण हे साडेतीनशे मीटर तुकड्यातुकड्यांनी, जागेवरून एकदम सुटून, पूर्ण वेगाने आणि मध्येच गर्रकन वळून धावलेले असतात. सवय नसलेल्या हृदयाला आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना याहून अवघड काम सांगता येणार नाही.

1993 साली अमेरिकेतल्या एका संशोधनात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना, आधीच्या तासात काय केले, असे विचारले गेले होते. जोरकस श्रमांनंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवीपेक्षा वाढलेला दिसला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा असे श्रम करणाऱ्यांत ही वाढ जेमतेम अडीचपट होती. आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत ती शंभरपटीच्या पुढे गेली. आकडा वाचून घाबरू नये: एरवीच्या एका तासातला धोका मुळातच अत्यल्प असतो, त्यामुळे त्याचे शंभरपटही बहुतेकांच्या बाबतीत थोडेच राहते. मात्र ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या बाबतीत हे गणित बदलते. आणि आपण दक्षिण आशियाई लोक या बाबतीत दुर्दैवी आहोत. 52 देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात आपल्याकडच्या रुग्णांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षाच्या सुमारास आलेला दिसला, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी.

म्हणून माझ्या मते सामना हा व्यायाम धरूच नये. व्यायाम मंगळवारचा, गुरुवारचा. मुंबईत लोकलच्या दोन स्थानकांएवढे अंतर झपझप चालण्याचा, जिने चढण्याचा. रविवारी फक्त त्याची परीक्षा. चाळिशी ओलांडलेल्या, आणि घरात लवकर हृदयविकार झालेल्या कोणत्याही खेळाडूने हंगामापूर्वी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे आणि चढावर दम लागत असल्यास तो वयाच्या माथी न मारता डॉक्टरांना सांगावा. रात्रीच्या गाडीने आलेल्याने सकाळचा पहिला सामना खेळू नये, हे दिरांनी आता संघाच्या नियमात घातले आहे. त्यावरून भांडणे झाली ती वेगळी. नाणेफेकीआधी पंधरा मिनिटे हलके धावणे, गुडघे उचलणे, खांदे फिरवणे. जागेवर उभे राहून पायाची बोटे धरणे ही काही पूर्वतयारी नव्हे. मांडवातल्या बायका जेवणाबरोबर आता मीठ घातलेल्या कोकम सरबताची कळशी भरून ठेवतात, आणि सामना संपेपर्यंत तंबाखूची पुडी यष्टिरक्षकाच्या आईच्या ताब्यात असते. ती परत मागण्याची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

वाडीतल्या आठ-दहा मुलांना मी छाती दाबण्याचे तंत्र उशीवर शिकवले. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत, आलटून पालटून. उशीची दोन मिनिटांतच दमछाक झाली, असे मुले म्हणाली. दमछाक त्यांचीच झाली होती.

दिवाळीच्या आधी सलामीवीरांच्या पत्नी मला भेटायला आल्या. म्हणाल्या, “पुढच्या लीगला जाऊ देऊ का?” मी त्यांना ताण चाचणीचा अहवाल आणायला सांगितला, गोळ्या एकही दिवस चुकल्या नाहीत ना हे विचारले, आणि रोजचे चालणे किती ते लिहून ठेवायला लावले. हृदयरोगतज्ज्ञांनी बारकाईने पाहून पळण्याला तूर्त नाही म्हटले आहे, चालण्याला हो. त्यामुळे या हंगामात ते पंच आहेत. उन्हात सगळ्यांत जास्त वेळ पंचालाच उभे राहावे लागते, ही तक्रार त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे नोंदवली, आणि टोपी मागून घेतली.