ढोल कुठून ऐकायचा?

गावची जत्रा असली की पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याच्या गुंजवणी खोऱ्यात ढोल-लेझीम घुमतं. किलोमीटरभर पल्याड बांधावर उभं राहा. झांज लागतच नाही, ताशा पुसट होतो, ढोलाचा टोल मात्र पोचतो, तोही तीन सेकंद उशिरा. पसरत जाताना सगळेच आवाज क्षीण होतात, पण हवा त्यांना चाळतेही. दर किलोमीटरला 4000 हर्ट्झचा आवाज हवेत साधारण 20-25 डेसिबल गमावतो, 125 हर्ट्झचा एक डेसिबलसुद्धा नाही. म्हणून एकच वादन पारावर कल्लोळ असतं आणि बांधावर नुसता ठेका.

याला संगीत म्हणायचं की गोंगाट? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं 1863 मध्ये कसोटी दिली: ठरावीक काळानं तसंच पुन्हा होणारं कंपन म्हणजे स्वर, बाकी गोंगाट. भोर-वेल्ह्याच्या ताफ्याला ती लावली तर जवळजवळ सगळा ताफा बाद होईल. तारेतले स्वरांश मूळ कंपनाच्या 1, 2, 3 पटींत असतात. साध्या ताणलेल्या गोल कातड्याचे मात्र 1, 1.59, 2.14, 2.30 अशा आडनिड्या पटींत. तबल्यावरची शाई त्यांना पूर्णांकांजवळ आणते, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये दाखवलं. ताशाला शाई नाही. झांजेत तर असंख्य कंपनं एकमेकांत मिसळतात.

मला इथे भरताचं नाट्यशास्त्र अधिक उदार वाटतं. तत, सुषिर, अवनद्ध, घन ही त्याची वर्गवारी आवाज कशातून उठतो एवढंच विचारते. ढोल-ताशा अवनद्ध, झांज घन. दोघांनाही जागा आहे.

युरोपात ही जागा भांडून मिळवावी लागली. इटलीच्या लुइजी रुसोलोनं 1913 मध्ये गोंगाटाची कला मांडली, त्यासाठी यंत्रं बनवली. पुढे युरोपाबाहेरही ती रुजली: टोकियोचा मासामी आकिता 1979 पासून ‘मर्झबो’ नावानं जे वाजवतो, त्याला ‘नॉइज’ म्हणतात. त्यात सूर नाही, बहुतेकदा तालही नाही.

ढोल त्या कप्प्यात बसत नाही. त्याची शिस्त लहरीच्या आकारात शोधून सापडणार नाही. ती दोन टोलांमधल्या अंतरात आहे. आणि ती राखणं सोपं नाही. 34 मीटर लांब रांगेत पुढचा टोल मागे पोचायला 0.1 सेकंद लागतो. कानावर विसंबलं तर मागची फळी घसरलीच. म्हणून मागचे वादक पुढच्याच्या हाताकडे बघून वाजवतात.